राजमुकुट आणि मांडलिक

स्वीडनच्या पॅराडॉक्सने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रुसेडर किंग्ज 3’ या संगणकीय खेळात मध्ययुगीन राजाचे सामर्थ्य मांडलिकांच्या, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात कर आणि सैनिक पुरवणाऱ्या सरदारांच्या, मर्जीवर टिकून असते. राजसत्तेच्या चार पायऱ्यांपैकी वरच्या पायऱ्यांवर सरदारांच्या आपसातील लढायांना पायबंद बसतो, पण त्याबरोबर त्यांची नाराजीही वाढते. असंतुष्ट सरदार गट बांधतात आणि त्यांचे एकत्रित सैन्यबळ राजाच्या तोडीला आले, की स्वातंत्र्याची किंवा गादीवर दुसरा दावेदार बसवण्याची मागणी युद्धाच्या धमकीसह पुढे येते. बलाढ्य सरदाराला मंत्रिमंडळात घेतल्यास तो शांत होतो, मात्र तो अकार्यक्षम असल्यास कारभार ढासळतो. खेळाचे खरे मोठेपण या पेचातच आहे. नवा वारस गादीवर येताच गटबाजी पुन्हा डोके वर काढते.