थेरपिस्टचा एक तास, वर्गाचे सहा दिवस

पुण्याहून सुटलेली लोकल तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली अशी स्थानके घेत लोणावळ्यास पोहोचते. या वाटेवरील लहान शाळांना स्पीच थेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट लाभल्याच, तर त्या बहुधा शहरातून, आठवड्यातील एखाद्या दिवशी येतात. एका मुलाच्या वाट्यास फार तर तासभर येतो. उरलेला आठवडा ते मूल वर्गशिक्षकांच्या आणि सवंगड्यांच्या सहवासात काढते. म्हणून शालेय थेरपिस्टच्या कार्याचे मोल त्यांच्या अनुपस्थितीत वर्गात काय घडते, यावरून ठरवावे. या क्षेत्रात नेतृत्व म्हणतात ते हेच.

मावळास ही गोष्ट नवी नाही. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे हे मुळात शिक्षक. अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले होते. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासला आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून जगापुढे मांडला. एवढ्या पुण्याईवर मोठा शिष्यसंप्रदाय उभा करणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. त्यांनी मात्र समूहाने करता येईल असा यौगिक व्यायाम रचला, शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समित्यांवर काम केले आणि पुढे योगशिक्षक घडविणारे महाविद्यालय काढले. जे ज्ञान गुरूच्या सान्निध्यातच मिळे, ते सामान्य शिक्षकाच्या हाती देता येईल इतके सुटसुटीत करणे, हे माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व होय.

तळेगाव दाभाड्याचा इतिहासही याच दिशेचा. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांच्या समर्थ विद्यालयात मातृभाषेतून शिक्षण आणि हाताला उद्योग यांची सांगड होती. 1910 मध्ये इंग्रज सरकारने ते बंद पाडले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून 1908 साली येथेच काचकारखाना उभा राहिला. माणशी एक पैसा, हे त्या फंडाचे सूत्र. तेथे नुसती काच तयार झाली नाही, काच करणारे कारागीरही तयार झाले आणि ती विद्या घेऊन इतरत्र गेले.

आता आजच्या वर्गात येऊ. एखाद्या मुलाचे अक्षर लागत नाही. थेरपिस्ट त्याला वेगळ्या खोलीत नेऊन बोटांचे व्यायाम देतील, ते योग्यच. परंतु बाकावर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकत नसतील, तर धड स्थिर राहत नाही आणि हातही स्थिर राहत नाही. पायाखाली एक पाट ठेवावा, जाड पेन्सिल द्यावी, वहीखाली उतरती फळी द्यावी, एवढे वर्गशिक्षिकेस उमगले की प्रत्येक तासिका उपचाराची होते. अडखळत बोलणाऱ्या मुलास प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, हेही तसेच. अशा सूचना कागदावर देऊन भागत नाही. थेरपिस्टने वर्गात बसून त्या करून दाखवाव्यात, पुढच्या भेटीत शिक्षिकेने कराव्यात आणि थेरपिस्टने पाहाव्यात. यात मान-अपमानाचे प्रश्न उद्भवतात. तीस वर्षे शिकविलेल्या बाईंना तरुण तज्ज्ञाने शिकवावे, हे सहज पचत नाही. येथे आपला अनेकान्त केवळ प्रवचनापुरता न राहता उपयोगी पडावा. मुलाची एक बाजू तज्ज्ञास दिसते, दुसरी शिक्षिकेस, तिसरी आईस. आणि चौथी शाळेच्या मावशींना, ज्या त्याला डबा खाताना रोज पाहतात.

पाचवी बाजू खुद्द मुलाची. “मला पुन्हा सांगाल का?” “मला पुढे बसायचे आहे,” असे म्हणता येणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते. आपल्या समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्येच साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे विविध जातींची मुले एकत्र राहत आणि आपली कामे आपण करीत. मुलांवर जबाबदारी सोपविल्यानेच ती समर्थ होतात, ही त्यांची दृष्टी थेरपिस्टनाही पडताळून पाहण्यासारखी आहे.

आपल्या पाठशाळांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. सूत्रे मुखोद्गत न होणारे बालक तेथे हळूहळू मागच्या रांगेत जाते आणि एके दिवशी येईनासे होते. नवकाराची नऊ पदे, अडुसष्ट अक्षरे. ती एका दमात न मागता आधी केवळ शेवटचे पद त्याने म्हणावे, बाकी सर्वांनी. मग शेवटची दोन. प्रत्येक वेळी समाप्ती त्याच्या मुखाने होते, यश त्याचे ठरते. दोन घटिकांचे, म्हणजे 48 मिनिटांचे सामायिक न साधणाऱ्या चंचल मुलास चार मिनिटांपासून आरंभ करू द्यावा.

घरी मात्र याहून कठीण अडचण आहे. मुलाच्या वाचनातील किंवा वर्तनातील अडचण कित्येक कुटुंबे लपवितात, कारण उद्या बहिणीच्या सोयरिकीत ती आडवी येईल अशी धास्ती असते. लपविण्यात सरलेली ती तीन-चार वर्षे मुलास कोणी परत देत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेसह 21 प्रकार मान्य केले आहेत, आणि समावेशक शिक्षणासाठी शिक्षक व तज्ज्ञ प्रशिक्षित करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. म्हणजे शाळेकडे साहाय्य मागणे ही याचना नव्हे.

मावळातच पाले गावाजवळ दोन हजार वर्षांहून जुना, अरिहंतांना नमन करून आरंभ होणारा ब्राह्मी शिलालेख आहे. अभ्यासक तो जैन मानतात. भदंत इंद्ररक्षिताने लेणे करविले आणि पाण्याचे टाकेही, अशी त्यात नोंद आहे. आपले दानशूर विश्वस्त शाळांना इमारती उदारपणे देतात, कारण इमारतीवर नामफलक लागतो. थेरपिस्टचे वर्षाचे मानधन, शिक्षकांनी वर्गाबाहेर बसून चर्चा करावी म्हणून आठवड्यातील एक मोकळी तासिका आणि तेवढ्या वेळेपुरता बदली शिक्षक, यांवर फलक लावता येत नाही. येत्या पर्युषणात संघांच्या बैठकी होतील तेव्हा या तीन बाबी खर्चाच्या यादीत लिहिल्या जाव्यात, आणि त्यापूर्वी एका विश्वस्ताने तरी जवळच्या शाळेत जाऊन मागच्या बाकावर एक तासिका बसून यावे.