सामना नसलेले दिवस

पहाटे साडेपाचला पन्हाळ्याच्या बुधवार पेठेत धुकं इतकं दाट होतं, की ती आधी ऐकू आली आणि मग दिसली. ओल्या डांबरावर बुटांची एकसारखी थाप, पाठीवर सॅक, सॅकच्या पट्ट्याला नाडीनं बांधलेले स्टडचे बूट. माझ्यापाशी आल्यावरही ती थांबली नाही. "ताई, गडावर पोचेपर्यंत बोलायचं नाही हं, दम तुटतो," म्हणाली आणि चढाला लागली. मी स्कूटरवरून मागोमाग निघाले.

ती 21 वर्षांची आहे, पन्हाळा तालुक्यातल्या शेतकरी घरातली. महिलांच्या राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका संघाकडून गेल्या मोसमात मधल्या फळीत खेळली. नाव छापू नका, एवढंच तिचं म्हणणं होतं, कारण पुढच्या मोसमाचा करार अजून व्हायचा आहे. मोसम संपला की खेळाडू आपापल्या घरी जातात. क्लबचं मैदान, फिजिओ, प्रशिक्षक सगळं मागे राहतं. मग पुढचं बोलावणं येईपर्यंत शरीर आणि खेळ तयार ठेवायचं काम जिचं तिनंच करायचं. ते काम कसं चालतं, हे पाहायला मी चार दिवस तिच्यासोबत राहिले.

गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी ती थांबली. दोन बोटं मानेला लावली, घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद ठोके मोजले आणि चारनं गुणले. दोन मिनिटांनी पुन्हा मोजले. दोन्ही आकडे शंभरपानी वहीत गेले. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा किती खाली येतो, ते महत्त्वाचं. तो लवकर खाली आला, म्हणजे एक धाव संपवून दुसरीला शरीर लवकर तयार होतं. फुटबॉलमध्ये सगळं त्यावर असतं. त्याच वहीत झोपेचे तास आहेत, वजन आहे आणि पाळीच्या तारखा लाल पेनानं लिहिलेल्या आहेत. "पहिल्या दोन दिवसांत चढ करत नाही मी, नुसतं बॉलवर काम करतो," ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या पोरी बोलतात तशीच बोलते, 'करतो', 'खेळतो'.

खाली शाळेच्या मैदानावर खरा सराव सुरू झाला. आधी वीस मिनिटं 'फिफा 11+'. दुखापती टाळण्यासाठी बनवलेला हा पंधरा व्यायामांचा क्रम आहे. त्यातली एक कसरत दिसायला अगदी साधी : उडी मारायची आणि एका पायावर उतरायचं. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि समोरून चित्रण करायला सांगितलं. दर पाच उड्यांनंतर ती येऊन पडद्यावर स्वतःचा गुडघा बघायची. उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे. एका उडीत तो किंचित आत झुकला. मला तर दिसलाही नव्हता. "ही धरायची नाही," म्हणून तिनं ती उडी पुन्हा मारली.

एवढी काळजी अकारण नाही. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण महिला फुटबॉलपटूंमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात. जिचा करार एकेका मोसमापुरता असतो, तिचं त्यात अख्खं वर्ष जातं आणि पुढचा करारही जाऊ शकतो. म्हणून त्या लाल मातीवर ती प्रत्येक उडी नीट उतरत होती.

मग भिंत. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर उजव्या पायानं दोनशे पास, डाव्यानं दोनशे. परत येणारा चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं अडवायचा आणि त्याच स्पर्शात अर्धं वळून पुढे काढायचा. तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. चेंडू भिंतीवरून परत येत असताना, पायाशी पोचायच्या आत, ती दर वेळी मान वळवून खांद्यामागे बघत होती. मागे रिकामं मैदान आणि धुकं.

"मागं कुणीच नाही की."

"असती की. रोज एक डिफेंडर उभी करतो मी मागं. ती कुठल्या बाजूनं येतीय ते बघून वळायचं. इथं सवय नाही लावली, तर मॅचमध्ये आठवत नाही."

चारशे पास आणि चारशे वेळा मागे वळून बघणं. मी मोजत होते, एकदाही चुकलं नाही.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींची नावं इथं संघांच्या जर्सीवर आहेत. जिथे कुस्ती वाढली तिथेच फुटबॉलही वाढला. पेठापेठांतली माणसं शाहू स्टेडियम भरून टाकतात. अनिकेत जाधव 2017 साली भारताकडून 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला, तो याच मातीतून गेला. त्याच वर्षाच्या अखेरीला इंडियन विमेन्स लीग या महिलांच्या राष्ट्रीय लीगची पात्रता फेरी कोल्हापुरात झाली. ही तेव्हा तेरा वर्षांची होती. वडिलांसोबत एसटीनं येऊन तिनं एक सामना पाहिला. "बायका एवढ्या जोरात पळतात, हे पहिल्यांदा बघितलं," ती सांगते. पुढे 2019 मध्ये लुधियानात झालेल्या लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा आपल्या शहराचा संघ उतरला, त्यानंतरच्या मोसमातही खेळला. तोवर हिच्या घरात 'पोरीनं खेळून काय करायचं' हा प्रश्न मागे पडला होता.

त्या काळी लीग म्हणजे एका शहरात दोन-तीन आठवड्यांची स्पर्धा असे. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने 2023-24 मध्ये सुरू झाले. सात संघ, प्रत्येकाला बारा सामने. पुढच्या मोसमात आठ संघ आणि चौदा सामने. देशातल्या सर्वोच्च पातळीवर खेळणाऱ्या मुलीच्या वाट्याला आलेले हे लीगचे सामने. खालच्या श्रेणीत तेवढेही मिळत नाहीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 2023 साली वरच्या श्रेणीतल्या क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान 3 लाख 20 हजार रुपयांचा करार करायला सांगितलं. पाऊल योग्यच आहे. पण ते वरच्या श्रेणीपुरतंच आहे. खालच्या श्रेणीतल्या मुलीची नजर त्यामुळे अजूनही रेल्वे, पोलीस, सशस्त्र सीमा बल यांच्या भरतीकडे आणि राज्याच्या नोकऱ्यांमधल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाकडे लागलेली असते. हिच्या सॅकमध्ये प्रमाणपत्रांची प्लास्टिकची फाइल आहे. पावसात भिजू नये म्हणून ती दोन पिशव्यांत गुंडाळलेली असते.

वाट नाही असं मात्र नाही. बाला देवीनं 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करार केला. मनीषा कल्याण 2022 मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. जुलै 2025 मध्ये भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 असं हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. राज्यांच्या महिला संघांची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाईंच्या नावाच्या करंडकासाठी खेळली जाते. महाराष्ट्राची जर्सी घालून तो करंडक उचलायचा, हे हिच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

चौथ्या दिवशी सराव संपल्यावर तिच्या घरी गेले. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दोन अंडी आणि म्हशीचं पेलाभर दूध. आईनं माझ्याही पुढ्यात तेवढंच वाढलं. वडील म्हणाले, "पैलवानाला खुराक घालतो आपण, मग हिला का नाही?" या जिल्ह्यानं पैलवान घडवले ते असेच, घरानं खुराक दिला आणि गावानं कुस्त्या लावल्या. या मुलीला घरचा खुराक मिळाला. गावानं लावायच्या कुस्त्या, म्हणजे सामने, अजून तिला पुरेसे मिळत नाहीत.

म्हणून तालमींना आणि मंडळांना माझी विनंती आहे. प्रत्येक तालमीचा मुलींचा एक संघ असू द्या, आणि त्यांच्या सामन्यांचा मोसम मुलांच्या मोसमाइतका लांब असू द्या. आणि वाचकहो, शाहू स्टेडियमवर मुलींचा सामना लागला, की घरातल्या पोरींना घेऊन जा. तेरा वर्षांच्या एका मुलीनं तिथं एकच सामना पाहिला होता. ती आज पहाटेही पन्हाळ्याचा चढ पळून गेली असेल.