फोटोतले फूल आणि झाडाचे नाव

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या वर्गातील एका मित्राने उमरीहून चुलतभावाने पाठविलेले दोन फोटो दाखविले. एकात टपोरे पांढरे फूल, दुसऱ्यात तसेच पण गडद गुलाबी. घराचा जुना भाग पाडावयाचा ठरला होता आणि आजीने न्हाणीजवळ लावलेले झुडूपही त्यात जाणार होते. आजी आता हयात नाही. फांदी आणून दुसरीकडे लावावी असे मित्राच्या मनात होते. पण दोन फोटोंपैकी आजीचे झाड कोणते, हेच त्याला कळेना.

वर्गात मतभेद झाले. कोणी गुलाब म्हणाले, कोणी गुलखैरा, कोणी जास्वंद. सर्वांची भिस्त रंगावर होती आणि चूक नेमकी तेथेच होती.

रंग हा कच्चा साक्षीदार. आपल्या शिवारातील कपाशीचेच पाहा ना! तिचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळे असते, दुसऱ्या दिवशी लालसर होते. म्हणून कोणी त्यास दोन पिके म्हणत नाही. कपाशी, भेंडी, अंबाडी, जास्वंद ही सारी एकाच भेंडी कुलातील, म्हणजे माल्व्हेसीतील भावंडे. या भावंडांची खूण म्हणजे फुलाच्या मध्यातून निघालेली, केसर एकत्र जुळून झालेली नळी. गुलाबाचे केसर सुटे असतात. म्हणून गुलाब प्रथमच बाद होतो.

पुढे ही नळी नीट पाहावी. गुलखैऱ्यात परागकोशांचा झुबका नळीच्या टोकाशी असतो. जास्वंदीच्या जातींत ते नळीच्या अंगावर बाजूने लागलेले असतात आणि टोकातून पाच लहान बोंडुकली बाहेर डोकावतात. दुहेरी फुलात मात्र केसरांच्याच पाकळ्या होतात व नळी झाकली जाते. अशा वेळी फूल उलटे करून पाहावे. देठाजवळच्या हिरव्या वाटीबाहेर आणखी एक वलय दिसते. कपाशीत ते तीन रुंद, कातरलेल्या पानांचे असते. जास्वंदीत अरुंद, चिंचोळ्या पानांचे. अतिबलेत ते मुळीच नसते.

शेवटी पान. नेहमीच्या जास्वंदीचे पान गुळगुळीत, चकचकीत व कडेला दातेरी असते. मिरची जास्वंदीचे फूल कधी पुरते उमलतच नाही.

म्हणून फोटो कसा काढावा, तर फूल समोरून एकदा, बाजूने एकदा, देठाकडून एकदा. पान दोन्ही बाजूंनी, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून. फळ असल्यास तेही. आणि सोबत वेळ लिहावी. मित्राने उमरीस तसे कळविले. दुसऱ्या दिवशी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे फोटो आले. परागकोश नळीच्या अंगावर होते, टोकाशी पाच बोंडुकली होती, पान तळहाताएवढे, पाच खंडांचे, लवदार होते. आणि फूल? सकाळी पांढरे, दुपारी गुलाबी, संध्याकाळी गडद. झाड एकच!

हे हिबिस्कस म्युटॅबिलिस. मूळचे चीनमधील. लिनियसने 1753 साली दिलेल्या या नावाचा अर्थच 'बदलणारे' असा आहे. बंगालीत याला स्थलपद्म म्हणतात. चुलतभावाने एक फोटो सकाळी काढला होता, दुसरा दिवेलागणीच्या सुमारास, एवढाच काय तो घोटाळा.

झाडाची फांदी सहज जगते. सुट्टीत मित्राने चार फांद्या छाटून आणल्या. त्यांतील तीन फुटल्या. नाव कळले नसते तर कदाचित त्याने दुसरे झाड शोधण्यातच सुट्टी घालविली असती, आणि तोवर भिंत पडली असती.