शेवटची शर्यत, शहराच्या रस्त्यावर

रस्त्यातल्या चेंबरचं लोखंडी झाकण उघडायला काय काय लागतं? महापालिकेची दोन माणसं, एक पहार आणि ‘सरका, सरका’ असा भरपूर आरडाओरडा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरात हे काम मोटारींनी केलं, आणि तेही पहारीशिवाय! शहरातल्या नेहमीच्या रस्त्यावर फॉर्म्युला वनची शर्यत व्हायची होती. सराव सुरू होऊन आठ-नऊ मिनिटं झाली नाहीत तोच पाण्याच्या व्हॉल्व्हवरचं एक झाकण निखळलं आणि कार्लोस साइन्झच्या फेरारीच्या पोटावर दाणकन आदळलं. गाडीचा तळ फाटला, बॅटरी गेली, सराव बंद. मग अख्ख्या रस्त्यावरचं एकेक झाकण तपासण्यात रात्र गेली.

याच्यापुढची गोष्ट ऐकून तुम्हाला राग येईल. साइन्झला बॅटरी बदलावी लागली आणि ठरल्यापेक्षा जास्त बॅटरी वापरली तर शिक्षा, असा नियम. त्यामुळे शर्यतीच्या सुरुवातीला त्याला दहा जागा मागे उभं केलं. झाकण निघालं रस्त्याचं आणि शिक्षा झाली त्याला! नियम तो नियम, असं मोठी माणसं म्हणाली. मला काही ते पटलेलं नाही.

असो. इतकं घट्ट झाकण निखळलं कसं? दोन कोरे कागद घ्या. तोंडासमोर उभे धरा, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा आणि मधल्या फटीत जोरात फुंकर मारा. कागद एकमेकांपासून लांब जातील असं वाटतं ना? करून बघा, ते जवळ येतात. फटीतली हवा वेगानं धावते, तिथला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा कागदांना आत ढकलते.

शर्यतीच्या गाडीचा तळ मुद्दाम असा घडवतात की रस्ता आणि गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून हवा सुसाट निघावी. मग खाली दाब कमी, वर जास्त, आणि गाडी रस्त्यावर दाबून बसते. शिवाय मागेपुढे पंख असतात. विमानाचे पंख विमानाला वर उचलतात. हे उलटे लावलेले, म्हणून खाली दाबतात. फॉर्म्युला वनची गाडी भरधाव असताना हवेचा हा दाब गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त भरतो. पण गाडीखालचा हा कमी दाब रस्त्यावरच्या वस्तूंनाही सोडत नाही. एखादं झाकण जरा सैल असलं की ते वर ओढलं जातं. म्हणून शहरात शर्यत ठरली की आधी चेंबरची झाकणं वेल्डिंग करून पक्की करतात.

हे सगळं दूरदेशीचं आहे असं समजू नका. आपल्याकडे हैदराबादला हुसेन सागर तलाव आहे, मधोमध बुद्धाचा उंच पुतळा असलेला. त्याच्या काठच्या रस्त्यांवर, एरवी जिथे लोक संध्याकाळी फिरायला आणि आइस्क्रीम खायला येतात तिथे, १० आणि ११ डिसेंबर २०२२ ला इंडियन रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामाची शेवटची फेरी झाली. बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, गोवा, हैदराबाद आणि कोची असे सहा शहरांचे संघ. प्रत्येक संघात निदान एक तरी महिला ड्रायव्हर हवीच, असा नियम. (हा नियम मात्र मला एकदम पटला.) हंगामाचं विजेतेपद कोचीच्या संघानं नेलं. आपल्या इंदूरचा संघ नव्हता, त्यामुळे आपण कोणालाही टाळ्या वाजवायला मोकळे.

त्या शर्यतीच्या गाड्या इटलीत बनलेल्या आणि इंजिन मोटारसायकलच्या जातीचं, फक्त ११०० सीसी. ताकद सुमारे २२० अश्वशक्ती. एवढीशी? थांबा, आता इंदूरच्याच एका गाडीची गोष्ट सांगते. महाराजा यशवंतराव होळकर, म्हणजे ज्यांनी माणिकबाग पॅलेस बांधून घेतला ते, वेगवान गाड्यांचे मोठे शौकीन. १९३०च्या दशकात त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीकडून करून घेतली. रंग नारिंगी आणि काळा, नाक हे एवढं लांब, आणि इंजिनाची ताकद कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. त्या काळी रस्त्यावर एवढी जोरदार गाडी क्वचितच दिसे. पण तिचं वजन होतं दोन टनांच्या वर! म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला सहा-सात किलो ओझं. हैदराबादला धावलेल्या गाडीचं वजन चारशे किलोच्या आतबाहेर, म्हणजे एका घोड्याला जेमतेम दोन किलो. कोण आधी पळेल, सांगा बरं! शर्यतीत नुसती ताकद मोजत नाहीत, ताकदीला वजनानं भागतात.

आता तुम्ही विचाराल, पळायचंच आहे तर शहराच्या गल्लीबोळात कशाला? पीथमपूरला जा की! बरोबर बोललात. इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, गाड्यांची चाचणी घ्यायचं सरकारी केंद्र. तिथला वेगाचा ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. लांबी ११.३ किलोमीटर, आशियात याहून लांब असा दुसरा नाही. आकार लांबट अंड्यासारखा: दोन सरळ पट्टे आणि टोकांना दोन प्रचंड वळणं. बॅटिस्टा नावाची विजेवरची गाडी तिथे ताशी ३५७ किलोमीटरनं धावली आहे. तेवढ्या वेगानं राजवाड्यापासून विमानतळाला पोचायला दोन मिनिटंही लागायची नाहीत, अर्थात वाटेत सिग्नल, गाय आणि वरात नसेल तर.

त्या वळणांचं डिझाइन फार हुशारीचं आहे. रस्ता तिथे आतल्या बाजूला कलता आहे, बाहेरची कड उंच. जत्रेत ‘मौत का कुआँ’ बघितलाय ना? फटफटीवाला लाकडी भिंतीवर गरागरा फिरतो आणि पडत नाही, कारण भिंत त्याला सतत आत ढकलत असते. पीथमपूरचा कलता रस्ता तेच काम करतो. ताशी २५० किलोमीटरला गणित असं नेमकं जुळतं की वळणावर ड्रायव्हरला स्टिअरिंग फिरवावंच लागत नाही. रस्ताच गाडी वळवतो.

आणि शहरातला रस्ता? त्याचं सगळंच उलटं. पावसाळ्यात फुटपाथवर उभं राहून नीट बघा: पाणी मधून दोन्ही कडांकडे वाहतं. रस्त्याची पाठ मध्ये थोडी फुगीर ठेवतात, म्हणजे पाणी तुंबत नाही. रिक्षेला आणि स्कूटरला हा उंचवटा जाणवतही नाही. शर्यतीच्या गाडीचा तळ मात्र जमिनीपासून बोटभर वर असतो. रस्त्याची मधली रेघ ओलांडली की तो घासतो, ठिणग्या उडतात. वळणावर तर पंचाईतच. मधल्या उंचवट्याच्या पलीकडे गेलं की रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे वळायला मदत करायची सोडून तो गाडीला बाहेर ढकलतो. त्यात वेगाचा हिशेब फार वाईट असतो. त्याच वळणावर वेग तिप्पट केला तर गाडीला वाटेवर धरून ठेवायला जोर तिप्पट पुरत नाही, नऊपट लागतो.

पुढचा खलनायक झेब्रा क्रॉसिंग! डांबर खरखरीत असतं, त्यात टायर रुतून पकड घेतो. पांढरा रंग त्याच खळग्यांत भरतो आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पावसात त्यावरून चालताना तुमची चप्पलही सटकत असेल. तिथेच ब्रेक मारायची वेळ आली तर ड्रायव्हरचं काय होत असेल?

धूळ राहिली. धुळीवर टायर घसरतो, त्यामुळे शर्यतीआधी रस्ता झाडून, धुऊन काढतात. इथे इंदूरकरांनी खुशाल कॉलर ताठ करावी. २०१७ पासून २०२३ पर्यंत स्वच्छ शहरांच्या यादीत आपला पहिला नंबर कोणी हलवला नाही, आणि रात्री रस्ते झाडणारी यंत्रं आपल्याकडे रोजच फिरतात. पण झाडूनही शहरी रस्ता पहिल्या दिवशी निसरडाच असतो. गाड्या फिरू लागल्या की गरम टायरचं रबर डांबरावर चिकटत जातं आणि गाड्यांच्या नेहमीच्या वाटेवर एक काळा पट्टा उमटतो. त्या पट्ट्यावर पकड उत्तम, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळेच जास्त वेगानं पळतात. पट्ट्याबाहेर मात्र टायरचे गळालेले रबराचे तुकडे पसरलेले असतात, त्यावर चाक गेलं की घसरलंच. आणि शर्यत संपल्यावर हेच ड्रायव्हर मुद्दाम त्या कचऱ्यावरून गाडी नेतात! का? नंतर गाडीचं वजन करतात, ते नियमापेक्षा कमी भरलं तर बाद. टायरला चिकटलेलं थोडं रबर असलेलं बरं.

टायरवरून आठवलं. हंगामाची शेवटची शर्यत शहरात झाली की काय होऊ शकतं, ते ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड शहराला विचारा. १९८५ पासून १९९५ पर्यंत फॉर्म्युला वनचा हंगाम दरवर्षी तिथल्या रस्त्यांवर संपायचा. वर्षभर प्रत्येक शर्यतीत गुण मिळतात, त्यांची बेरीज होते आणि बेरजेत जो पुढे तो जगज्जेता. १९८६ मध्ये तिघांना संधी होती: इंग्लंडचा नायजेल मॅन्सेल, फ्रान्सचा अलाँ प्रोस्ट आणि ब्राझीलचा नेल्सन पिके. मॅन्सेल गुणांत पुढे. त्याला नुसता तिसरा नंबर पुरे होता.

शर्यतीत प्रोस्टच्या टायरमधली हवा गेली. थांबून टायर बदलावे लागले, तो मागे पडला. संपलं त्याचं, असं सगळ्यांना वाटलं. पुढे सर्वांत आघाडीवर होता केके रॉसबर्ग. त्याला गाडीतून विचित्र आवाज आला. इंजिन गेलं, असं समजून त्यानं गाडी बाजूला घेतली. उतरून बघतो तर इंजिन ठणठणीत! टायरचे थर सुटून फटाफट आपटत होते. आणि थोड्याच वेळात मॅन्सेल, सरळ रस्त्यावर ताशी २९० च्या आसपास, आणि त्याचा मागचा डावा टायर ठिकऱ्या होऊन फुटला. ठिणग्यांचा लोट निघाला. तशा गाडीला झुलत झुलत सावरत त्यानं ती थांबवली, त्याला खरचटलंही नाही. पण विजेतेपद गेलं.

आता पिके पुढे होता. त्याचा टायरही फुटला तर? संघानं घाबरून त्याला आत बोलावलं आणि टायर बदलले. तेवढ्यात प्रोस्ट पुढे! त्याचे टायर आधीच बदललेले, ताजे. म्हणजे ज्या पंक्चरमुळे तो हरणार असं वाटलं, त्याच पंक्चरनं त्याला जिंकवलं. त्यात त्याच्या गाडीतला काटा सांगत होता की पेट्रोल पुरणार नाही. तरी त्यानं शेवटची रेघ ओलांडली आणि लगेच पुढे गाडी थांबवून खाली उडी मारली. शेवटी गुण झाले प्रोस्ट ७२, मॅन्सेल ७०, पिके ६९. इतकी चुरशीची बेरीज गणिताच्या पेपरात कोणी का घालत नाही?

विजेवरच्या गाड्यांनी तर याहून मोठी कमाल केली. त्यांच्या शर्यतीला फॉर्म्युला ई म्हणतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या हैदराबादला, त्याच हुसेन सागराच्या काठी धावल्या. फ्रान्सचा जाँ-एरिक वेर्न जिंकला, आणि त्याच्या बॅटरीत मागून येणाऱ्या गाडीपेक्षा कमी चार्ज उरलेला होता. या गाड्यांत ब्रेक लावला की मोटर उलटं काम करते, चाकांच्या फिरण्यातून वीज बनवते आणि बॅटरीत परत भरते. सरळ रस्त्यावर वीज खर्च, वळणाआधी थोडी जमा. त्यामुळे वळणंच वळणं असलेला शहरी रस्ता या गाड्यांना उलट सोयीचा. त्याच वर्षी जुलैत त्यांचा हंगाम लंडनला संपला, आणि तो ट्रॅक चक्क एका प्रदर्शन हॉलच्या आतून जात होता! फेरीचा काही भाग छपराखाली, बाकीचा बाहेर. बाहेर पाऊस असला की एकाच फेरीत कोरडा रस्ता, ओला रस्ता, पुन्हा कोरडा. गाडी कशी सांभाळायची, बोला!

आता काम तुमचं. इंदूरचा नकाशा घ्या आणि त्यावर शर्यतीचा ट्रॅक आखा. लांबी अडीच ते तीन किलोमीटर, सुरुवात आणि शेवट एकाच जागी, निदान एक लांब सरळ पट्टा हवा. सुपर कॉरिडॉर घ्या, राजवाड्याची गल्ली घ्या, नाहीतर तुमची कॉलनी घ्या. मग आई-बाबांना बरोबर घेऊन, फुटपाथवरूनच, तो रस्ता पायी बघून या आणि नकाशावर खुणा करा: चेंबरची झाकणं कुठे, झेब्रा कुठे, रस्ता कुठल्या बाजूला उतरता, वळणाच्या तोंडाशी झाडाची पानं पडतात का. सर्वांत अवघड वळण कोणतं आणि ते का अवघड, हे चार ओळींत लिहा. नकाशा आमच्या पत्त्यावर पाठवा. आणि हो, सराफ्यातून ट्रॅक नेणार असाल तर शर्यत दिवसा ठेवा. रात्री तिथली खाऊची दुकानं कोणीही बंद करू देणार नाही.