किल्ली घरात, तरीही गाडी चोरीला! कशी?

हँडलला हात लावला की किलेस गाडी कमजोर सिग्नल सोडते. एक-दीड मीटरच्या आत किल्ली असेल तर ती उत्तर देते, लॉक उघडतं. चोर हेच अंतर वाढवतात. एक जण गाडीपाशी, दुसरा तुमच्या घराच्या दाराशी. त्यांची यंत्रं सिग्नल इकडून तिकडे पोचवतात. गाडीला वाटतं, मालक शेजारीच आहे. कोड फोडायची गरजच नाही! इंजिनही याच युक्तीने सुरू होतं. २०११ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेल्स तपासली, दहाही फसली.

म्हणून किल्ली दाराजवळच्या खुंटीला नको. सिग्नल रोखणारं पाऊच मिळतं. मात्र किल्ली त्यात ठेवून गाडी उघडत नाही ना, हे आधी बघा. स्टीअरिंगला लावायचा जुना लोखंडी लॉकही चांगला, त्याला सिग्नल कळतच नाही.