उसळता चेंडू कोणाचा?

आमच्या महाडच्या कॉलेजातला एक विद्यार्थी दिवाळीच्या सुमारास मला म्हणाला, "सर, मी बास्केटबॉल सोडतो. आपली कबड्डीच बरी. उंच पोरांपुढे मला रिबाउंड कुठला मिळायला!" मुलगा पोलादपूरकडचा, अंगानं काटक, उंची बेताची. त्याला जे सांगितलं, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

नेम चुकला, की चेंडू फळीवर किंवा कड्यावर आपटून उसळतो. तो हस्तगत करणे म्हणजे रिबाउंड. कडे जमिनीपासून दहा फूट. तेव्हा उंचीचा उपयोग नाही, असे कोण म्हणेल? पण उंची म्हणजेच सर्व काही असते, तर अमेरिकेच्या एन्‌.बी.ए. स्पर्धेत सहा फूट सात इंचांचा डेनिस रॉडमन १९९२ ते १९९८ अशी सलग सात वर्षे रिबाउंडच्या सरासरीत पहिला आला नसता. सात-सात फुटी गडी तिथे होतेच की!

मग मर्म कशात आहे? पहिली गोष्ट, प्रत्येक नेम चुकणारच असे धरून तयार राहावे. दुसरी, चेंडूची वाट ओळखावी. बाजूने टाकलेला चेंडू चुकला, तर बहुधा पलीकडे जातो. लांबून टाकलेला लांब उसळतो. तिसरी आणि मुख्य गोष्ट, चेंडू हवेत असतानाच आपला प्रतिस्पर्धी हेरावा. त्याच्या नि कड्याच्या मधली जागा धरून त्याला पाठीमागे ठेवावे. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, हात वर. आता पाठीवर रेलून त्याने चेंडू घेतला, तर फाऊल त्याचाच! मग उडी मारून चेंडू दोन्ही हातांनी घट्ट धरावा.

आता सांगा, गुडघे वाकवून पाय रोवणे आपल्या मुलांना का नवे आहे? कबड्डीतला कोपरारक्षक दुसरं काय करतो? फरक एवढाच, की इथे कुणाला धरायचं नाही.

त्या मुलाने खेळ सोडला नाही. उंच मुले अजूनही त्याच्यावर मात करतात. पण प्रत्येक वेळी नाही. परवा तो धाकट्या पोरांना बजावत होता, "उडी मागाहून रे, आधी जागा धर!"