प्रसंग वाचून दाखविताना

चित्रपट काढण्यापूर्वी त्याची कथा प्रसंगवार लिहून काढतात. तिला पटकथा असे म्हणतात. 'त्याचे मन देशप्रेमाने उचंबळून आले' असे लिहून कादंबरीकार मोकळा होतो. पटकथाकाराला ती सोय नाही. मनाचे चित्र कोणता कॅमेरा घेणार? जे डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल, तेवढेच पटकथेत लिहावयाचे. परंतु आपण लिहिलेले दुसऱ्याला खरोखर दिसते की नाही, हे लेखकाला एकट्याने कळत नाही, कारण त्याच्या मनात ते चित्र आधीच उभे असते. म्हणून लिहिलेला प्रसंग चार जणांत वाचून पाहावा लागतो.

नंदुरबारमधील काही मुलांनी शिरीषकुमारच्या बलिदानाचा प्रसंग लिहावयास घेतला आहे, अशी कल्पना करू. नंदुरबार आज स्वतंत्र जिल्हा आहे. १९९८ मध्ये तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. १९४२ मध्ये मात्र हे गाव पश्चिम खानदेशात होते. त्या वर्षी ९ सप्टेंबरला तेथे 'चले जाव' चळवळीची मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता त्यात धारातीर्थी पडला. त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. मुलींच्या दिशेने बंदूक रोखलेली पाहून तो पुढे झाला, असे सांगितले जाते.

पहिल्या लेखनात असे होते : अधिकारी बंदूक रोखतो, शिरीष पुढे येऊन स्वातंत्र्याचे महत्त्व सांगणारी बारा वाक्ये बोलतो, मग गोळी सुटते. लेखकाने वाक्ये मोठ्या कष्टाने रचलेली होती. वाचन संपताच एकाने विचारले, "हे भाषण चालू असताना बंदूकवाला काय करीत होता?"

अशा प्रश्नाने लेखक रागावतो. त्याने त्या क्षणी गप्प बसून प्रश्न वहीत टिपून घ्यावा, हे उत्तम. "माझ्या मनात असे होते की…" हे सांगण्यात अर्थ नाही. चित्रपटगृहात प्रत्येक प्रेक्षकाशेजारी बसून लेखक काही खुलासा करू शकणार नाही.

दुसऱ्याने विचारले, "मुली कोठे उभ्या आहेत? मला त्या दिसल्याच नाहीत." तिसऱ्याला भाषा खटकली. शिरीषच्या घरी गुजराती बोलत असत. मग बंदुकीपुढे उभा असलेला हा मुलगा पुस्तकी मराठीत कसा बोलेल? ही हरकत फार मोलाची होय. नंदुरबारच्या बाजारात जो वावरला आहे, त्यालाच ती सुचावी. चौथा म्हणाला, "विजा चमकू द्या, मुसळधार पाऊस पडू द्या, म्हणजे रंग भरेल."

येथे लेखकाने सावध राहावयास हवे. रोग्याला दुखते कोठे हे रोग्यालाच ठाऊक; औषध मात्र वैद्याने ठरवावयाचे. श्रोत्याला प्रसंग फिका वाटला, ही तक्रार खरी मानावी. पण त्याने सुचविलेला पाऊस घ्यावाच असे नाही. हा प्रसंग प्रत्यक्ष घडलेला आहे. त्या दिवशी पाऊस होता की नाही, याचा शोध घेतल्यावाचून तो पाडता येत नाही. शिवाय, प्राण दिलेल्या मुलाच्या तोंडी बारा वाक्ये घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मोठ्या लेखकांनाही असे आग्रह ऐकावे लागले आहेत. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन' संस्थेने १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले. नायिकेचे शेवटचे प्रदीर्घ स्वगत तेंडुलकरांनी आधी लिहिलेले नव्हते. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला, तेव्हा काहीशा नाखुषीने त्यांनी ते लिहिले. सुलभा देशपांडे यांनी रंगविलेले तेच स्वगत पुढे अतिशय गाजले. तेथे शब्द वाढवावे लागले. नंदुरबारच्या प्रसंगात ते कमी करावे लागणार.

नवा प्रसंग असा झाला : चौक. मिरवणुकीच्या घोषणा. बंदुकीची नळी वळते. समोर मुली, एकीचा हात दुसरीच्या हातात. गर्दीतून झेंड्याची काठी पुढे सरकताना दिसते, मग ती धरणारा मुलगा. तो मुलींच्या आणि बंदुकीच्या मध्ये येऊन थांबतो. घोषणा बंद पडतात. तो गुजरातीत एकच लहानसे वाक्य बोलतो. ते वाक्य ठेवावे की नाही, यावर दोन तट पडले; अखेर लेखकाने ते ठेवले.

दुसरे वाचन नव्या श्रोत्यांपुढे करावे. जुन्यांना कथा पाठ झालेली असते. या वेळी सर्व जण स्तब्ध होऊन ऐकत होते. मग मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "त्या दिवशी पाच जण गेले ना? बाकीचे चौघे कोठे आहेत?"

लेखकाने पुन्हा वही उघडली. आता प्रसंगाच्या आरंभीच मिरवणुकीत शिरीषबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा चालताना दिसतात.